चार लाख सत्तर हजार येनची गाडी

मे १९७९ मध्ये जपानच्या बाजारात एक छोटी मोटार विक्रीस आली. पुढे दोघांची व मागे दोघांची बैठक, दोन बाजूंना दोन दारे आणि पाठीमागे वर उचलण्याचे एक दार, असे तिचे रूप होते. पाहणाऱ्याला ती घरगुती मोटार वाटे. सरकारी दप्तरात मात्र तिची नोंद मालवाहू वाहन म्हणून होती. तिचे नाव सुझुकी आल्टो. किंमत चार लाख सत्तर हजार येन, आणि तीही जपानच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच. तिच्या वर्गातील इतर मोटारींसाठी तेव्हा सहा लाख येनच्या वर मोजावे लागत.

एवढा भाव कसा उतरला, हे समजून घेणे व्यापारी माणसाला मोटारीच्या वेगापेक्षा आणि रंगापेक्षा अधिक रंजक वाटेल. त्यात घाट्याची विक्री नव्हती, निकृष्ट मालाची भेसळ नव्हती आणि कायद्याचा भंगही नव्हता. कायद्याचे नीट वाचन मात्र होते.

सुझुकीचे मूळ मोटारीत नाही, मागात आहे. मिचिओ सुझुकी या सुताराचे काम शिकलेल्या तरुणाने १९०९ मध्ये हमामात्सु या गावी हातमाग बनविण्याचा कारखाना काढला. तो सारा प्रदेशच सुती कापडाचा. इचलकरंजी, मालेगाव किंवा सोलापूर येथे ज्यांनी मागाचा खडखडाट ऐकत दुकान चालविले आहे, त्यांना हमामात्सुचे वातावरण सांगून समजावण्याची आवश्यकता नाही. टोयोटाचा उगमही मागाच्या कारखान्यातूनच झाला, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. लोखंडाचे बारीक सुटे भाग अचूक घडविणारे हात जेथे तयार झाले, तेथेच पुढे इंजिने तयार झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर कापडाचा धंदा मंदावल्यावर सुझुकीने १९५२ मध्ये सायकलीला जोडण्याचे छोटे इंजिन काढले आणि १९५५ मध्ये ‘सुझुलाइट’ ही ३६० घनसेंटिमीटर इंजिनाची मोटार बाजारात आणली.

जपानमध्ये अशा लहान मोटारींचा एक स्वतंत्र वर्ग आहे. त्याला तेथे ‘केइ’ म्हणजे हलकी मोटार म्हणतात. युद्धाने खचलेल्या देशात सामान्य कुटुंबाला आणि छोट्या दुकानदाराला परवडेल असे वाहन मिळावे म्हणून सरकारने हा वर्ग आखला. लांबी किती, रुंदी किती, इंजिन किती मोठे, हे सारे ठरवून दिले, आणि त्या चौकटीत बसणाऱ्या मोटारीला कर, विमा व नोंदणी यांत सवलत दिली. १९७६ मध्ये ही चौकट थोडी वाढवून इंजिनाची मर्यादा ३६० वरून ५५० घनसेंटिमीटर करण्यात आली.

चौकट वाढली, पण सुझुकीचा पाय त्याच सुमारास खोलात गेला होता. जपान सरकारने धुरावर अत्यंत कडक निर्बंध आणले होते. सुझुकीचा सारा भरवसा टू-स्ट्रोक इंजिनावर होता, आणि ते इंजिन धूर अधिक सोडते. नवे नियम पाळू शकेल असे टू-स्ट्रोक इंजिन सिद्ध करण्याचा प्रयत्न फसला. अखेर कंपनीला टोयोटाकडे जाऊन मदत मागावी लागली आणि टोयोटाच्या गोटातील दाइहात्सु या कंपनीचे इंजिन आपल्या मोटारीत बसवून ती विकावी लागली. दाइहात्सु ही सुझुकीची याच वर्गातील कट्टर प्रतिस्पर्धी. समोरच्या दुकानातून माल उसना आणून आपल्या फळीवर मांडण्याची वेळ ज्याच्यावर आली आहे, त्यालाच त्या प्रसंगाची बोच कळेल.

अशा वेळी, जून १९७८ मध्ये, ओसामु सुझुकी कंपनीचे अध्यक्ष झाले. त्यांचे जन्मनाव ओसामु मात्सुदा. १९३० मध्ये गिफु प्रांतात जन्म, शिक्षणानंतर बँकेत नोकरी, आणि १९५८ मध्ये सुझुकी घराण्यात विवाह करून त्यांनी सासरचे आडनाव घेतले. आपल्याकडे घरजावई हा शब्द जरा खालच्या सुरात उच्चारला जातो. जपानच्या व्यापारी घराण्यांत मात्र कर्तबगार जावयाला दत्तक घेऊन पेढी त्याच्या हाती सोपविण्याची जुनी रीत आहे; सुझुकीचे दुसरे आणि तिसरे अध्यक्षही याच वाटेने आलेले. मुलगा नशिबाने मिळतो, जावई मात्र पारखून घेता येतो, असा त्यामागचा व्यवहार असावा.

नवी मोटार जवळजवळ तयार होती. ओसामु सुझुकी यांनी तिचे आगमन सुमारे वर्षभर पुढे ढकलले आणि आराखडा पुन्हा तपासायला लावला. यासंबंधी एक हकिकत सांगितली जाते. कारखान्याच्या आवारात कामगारांनी उभ्या केलेल्या वाहनांत छोटे ट्रक पुष्कळ असत. कामावर येण्यासाठी ट्रक कशाला, अशी विचारणा केल्यावर उत्तर मिळाले की, हा कामगार सुटीच्या दिवशी शेतातला भाजीपाला बाजारात नेतो, कोणी घरचा छोटा धंदा सांभाळतो, आणि दोन वाहने ठेवणे कोणालाच परवडत नाही. म्हणजे ग्राहकाला एकाच वाहनात दोन कामे हवी होती, आणि ते देणारे कोणी नव्हते.

कराची रेघ आणि मागची बैठक

येथे कराचा प्रश्न येतो. त्या काळी जपानमध्ये प्रवासी मोटारीवर वस्तुकर होता. लहान मोटारीवरही तो सुमारे पंधरा टक्के पडे. मालवाहू वाहनावर तो नव्हता. मालवाहू ठरण्याची कसोटी अशी की, मागच्या प्रवाशांच्या जागेपेक्षा मालाची जागा मोठी असली पाहिजे. आल्टोची मागची बैठक म्हणूनच अरुंद, सपाट आणि पातळ ठेवली गेली. मोठ्या माणसाने तेथे बसून लांबचा प्रवास करणे सुखाचे नव्हते. परंतु लहान मोटारीत बहुधा एक किंवा दोनच माणसे बसतात. मागे बसतात ती मुले, किंवा ठेवल्या जातात त्या पिशव्या. ग्राहक ज्या जागेचा क्वचित उपयोग करतो, तेथेच कात्री लावली गेली आणि त्या बदल्यात पंधरा टक्के करातून सुटका मिळाली.

मालवाहू वर्गाचा दुसरा लाभ असा की, त्या वाहनांना धुराचे नियम तितके कडक नव्हते. ज्या टू-स्ट्रोक इंजिनाने कंपनीला अडचणीत आणले होते, तेच इंजिन येथे नियमात बसले आणि उसन्या इंजिनाचा खर्च वाचला. गोदामात पडून राहिलेला माल योग्य पेठेत नेऊन विकावा, तसा हा प्रकार.

मग आत-बाहेरच्या प्रत्येक वस्तूचा हिशेब झाला. रेडिओ हवा असेल त्याने वेगळे पैसे मोजून घ्यावा. काच धुण्याचे पाणी विजेच्या पंपाने न उडवता हाताने दाबून उडवावे. चालकाच्या शेजारच्या दाराला बाहेरून किल्लीचे छिद्र नको. ते दार आतून उघडता येतेच. यांतील प्रत्येक बचत स्वतंत्रपणे पाहिली तर किरकोळ वाटेल. परंतु वर्षाला लाखो नग विकणाऱ्याच्या वहीत किरकोळ असे काहीच नसते. सुझुकीच्या कारखान्यात पुढे ‘लहान, कमी, हलके, आखूड, सुबक’ अशा अर्थाच्या पाच अक्षरांचे घोषवाक्यच रूढ झाले. ओसामु सुझुकी स्वतः कारखान्यांच्या तपासणीस जात आणि दिवसा जळणारा दिवा किंवा विनाकारण फिरणारे यंत्र दिसले की जाब विचारीत. सूर्यप्रकाश आणि गुरुत्वाकर्षण फुकट मिळते, तेव्हा वस्तू उतारावरून आपोआप घसरत पुढे जाईल अशी मांडणी करा, असा त्यांचा आग्रह असे. विमानाने जाताना ते साध्या वर्गात बसत. पुढे त्यांनी आपल्या आत्मकथनाच्या शीर्षकात स्वतःला छोट्या-मध्यम धंद्याचा म्हातारा म्हणवून घेतले.

सर्वांत धाडसाची गोष्ट मात्र एकच भाव ही होती. तोपर्यंत जपानमध्ये मोटारीची किंमत कारखान्यापासूनच्या अंतराप्रमाणे बदलत असे. भाडे वाढे तसा भाव वाढे, आणि जाहिरातीत नेमका आकडा छापता येत नसे. आल्टोने वाहतुकीचा खर्च सरासरीत घेऊन सर्वत्र एकच आकडा जाहीर केला. आपल्याकडे जकात नाक्यांच्या काळात एकाच वस्तूची पडतळ दोन शेजारच्या शहरांत वेगवेगळी पडे, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या निर्णयाचे मोल कळेल. ग्राहक दुकानात पाऊल टाकण्यापूर्वीच किंमत जाणत होता. घासाघिशीला जागा कमी उरली, आणि आकडाच मोटारीची जाहिरात झाला.

नावातही चातुर्य होते. ‘आल्टो’ हा शब्द इटालियन. त्याचा अर्थ उंच, श्रेष्ठ. परंतु जपानी उच्चारात तो ‘आरुतो’ असा होतो, आणि ‘आरु तो’ म्हणजे ‘असली तर’. कधी कामावर जाण्यासाठी, कधी बाजारहाटासाठी, कधी माल पोहोचविण्यासाठी, घरात असली तर सोयीची, असा श्लेष ओसामु सुझुकी यांनी मोटार सादर करताना केला. मोटार स्वस्त आहे असे नाव सांगत नव्हते. ती उपयोगाची आहे, एवढेच ते सांगत होते. हा भेद लहान दिसतो. पुढे भारतातील एका प्रसंगात तो किती मोठा ठरला ते दिसेल.

मागणी अपेक्षेपलीकडे गेली, आणि ती आली प्रामुख्याने गृहिणींकडून. घरातील मोठी मोटार पती कामावर घेऊन जाई. मुलांना शाळेत पोहोचविणे, भाजी आणणे, वृद्धांना दवाखान्यात नेणे यासाठी दुसरे वाहन हवे होते. मालवाहू म्हणून नोंदलेली मोटार अशा रीतीने जपानी स्त्रीचे स्वतंत्र वाहन बनली. १९८४ च्या नव्या आवृत्तीत चालकाची खुर्ची दाराकडे वळणारी करण्यात आली, जेणेकरून स्कर्ट घातलेल्या स्त्रीला चढणे-उतरणे सोपे व्हावे. ग्राहक कोण आहे हे कंपनीने केवळ मोजले नव्हते, पाहिलेही होते.

प्रतिस्पर्धी स्वस्थ बसले नाहीत. दाइहात्सु, सुबारु, मित्सुबिशी या सर्वांनी त्याच साच्याच्या ‘मालवाहू’ मोटारी काढल्या. एवढी वाहने करमुक्त विकली जात असल्याचे पाहून सरकारनेही १९८१ मध्ये चार आसनांच्या अशा वाहनांवर साडेपाच टक्के वस्तुकर बसविला. सुझुकीने लगेच मागची बैठक साफ काढून टाकून दोन आसनांची आल्टो बाजारात आणली, कारण दोन आसनांवर कर नव्हता! राजा रेघ ओढतो आणि व्यापारी त्या रेघेच्या अलीकडे दुकान मांडतो, हा खेळ सर्व देशांत सारखाच चालतो.

वालचंद शेठजींची पेठ

ही मोटार भारतात आली, तेव्हा येथील बाजार रिकामा नव्हता. सोलापूरच्या दिगंबर जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली होती. परकीय सत्तेचा विरोध आणि युद्धकाळातील अडचणी यांना तोंड देत, भारतीय भांडवलावर मोटारीचा कारखाना उभा करण्याचे स्वप्न त्यांनी मुंबईतील कुर्ल्याच्या जमिनीवर साकार केले. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांचा पाया घालणारा हा पुरुष १९५३ मध्ये निवर्तला. त्यांच्या कारखान्यातून इटलीच्या फियाट कंपनीच्या आराखड्यावरची मोटार बाहेर पडू लागली आणि सत्तरच्या दशकात तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती दोन पिढ्यांच्या स्मरणात आहे.

पद्मिनी आणि कोलकात्याजवळ बनणारी अॅम्बॅसॅडर या दोन मोटारींवर देशाची बहुतेक गरज भागत होती. उत्पादन वाढवायला परवाना लागे, आयात जवळजवळ बंद होती, आणि नोंदणी केल्यावर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. रांग कायम असलेल्या दुकानदाराला मालात सुधारणा करण्याची निकड भासत नाही. दोष एकट्या कारखानदाराचा नव्हता; त्या व्यवस्थेत सुधारणेला बक्षीसच नव्हते. तरीही पुढे जे घडले, त्याची किंमत मोजली ती कारखान्यांनीच.

१९८१ मध्ये केंद्र सरकारने मारुती उद्योग ही कंपनी स्थापन केली आणि परदेशी भागीदाराचा शोध सुरू झाला. युरोपातील व जपानमधील नामांकित कंपन्यांशी बोलणी झाली. सुझुकी त्या मानाने लहान. जपानमध्येच ती आघाडीच्या कंपन्यांत गणली जात नव्हती. परंतु ओसामु सुझुकी यांनी स्वतः लक्ष घातले, भारतीय शिष्टमंडळाशी प्रत्यक्ष बोलणी केली आणि भांडवलात २६ टक्के वाटा घेण्याची तयारी दाखविली. मोठ्या कंपन्यांना जो सौदा दुय्यम वाटत होता, तो लहान कंपनीच्या मालकाने आपल्या आयुष्याचा सौदा मानला. २ ऑक्टोबर १९८२ रोजी करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मोटारीची किल्ली ग्राहकाला देण्यात आली.

ही ‘मारुती ८००’ म्हणजे त्याच १९७९ च्या आल्टोची पाच दारांची सख्खी बहीण. इंजिन मात्र ७९६ घनसेंटिमीटरचे, फोर-स्ट्रोक, तीन सिलिंडरचे. वजन जेमतेम साडेसहाशे किलोच्या घरात. किंमत पन्नास हजार रुपयांच्या आसपास. नोंदणीसाठी दहा हजार रुपये आगाऊ भरायचे होते, आणि तरीही लाखाहून अधिक लोकांनी, मोटार रस्त्यावर दिसण्यापूर्वीच, पैसे भरले.

त्या ग्राहकाला नेमके काय आवडले असेल? पहाटेच्या थंडीत पहिल्याच फेऱ्यात सुरू होणारे इंजिन, हा मोठाच दिलासा होता. हलके सुकाणू होते, आणि घरातील स्त्रियांनी मोटार चालविण्याचे प्रमाण वाढण्यास ते कारण झाले. जुन्या गल्लीतून वळण घेता येई, दुकानासमोरच्या अर्ध्या जागेत ती उभी राही. पेट्रोल कमी लागे. पेठेतील लहान दुकानदाराची दुसरी गरजही ती भागवी: मागची बैठक दुमडली की कापडाचे गठ्ठे किंवा किराण्याची पोती आत जात, आणि संध्याकाळी त्याच मोटारीतून कुटुंब लग्नाला किंवा देवदर्शनाला निघे. जपानच्या कारखान्याच्या आवारातील त्या कामगाराची आणि आपल्याकडील दुकानदाराची गरज एकच होती.

पुनर्विक्रीचा भावही येथे विसरता येत नाही. व्यापारी कुटुंब मोटार घेताना ती किती किमतीला येते एवढेच पाहत नाही. पाच वर्षांनी ती किती किमतीला जाईल हेही पाहते. मारुतीचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळू लागले, तिचे काम येणारा कारागीर प्रत्येक चौकात तयार झाला, आणि जुन्या मारुतीला गिऱ्हाईक कधीच शोधावे लागले नाही. वाहन ही झिजणारी मालमत्ता; जी कमी झिजते ती खरी स्वस्त.

कारखान्याची शिस्तही या देशाला नवी होती. गुडगावच्या कारखान्यात अधिकारी आणि कामगार यांचा गणवेश एकच, उपाहारगृह एकच. सुरुवातीस बरेचसे भाग जपानमधून येत. १९८५ नंतर येन झपाट्याने महागला आणि आयात मालाची पडतळ कोलमडली. तेव्हा भारतातच सुटे भाग बनविणारे कारखानदार उभे करण्याची निकड दुप्पट झाली. आज भारतातून जगभर जे मोटारीचे सुटे भाग जातात, त्या उद्योगाच्या पायाभरणीत या काळाचा मोठा वाटा आहे.

कुर्ल्याच्या कारखान्याने नव्या मोटारी काढून पाहिल्या, नव्वदच्या दशकात फ्रेंच कंपनीशी भागीदारीही करून पाहिली. परंतु गेलेले गिऱ्हाईक परतले नाही. विसावे शतक संपता संपता पद्मिनीचे उत्पादन थांबले. वालचंद शेठजींच्या कर्तृत्वाला त्यामुळे उणेपणा येत नाही. परंतु संस्थापकाने जिवाच्या कराराने उघडलेली पेठ पुढच्या काळात संरक्षणाच्या भिंतीआड सुस्तावली, हे सत्यही झाकता येत नाही.

मारुती ८०० वरही तीच पाळी आली. १ एप्रिल २०१० पासून देशातील तेरा शहरांत धुराचे नवे नियम लागू झाले आणि त्या शहरांत ती विकणे बंद झाले. त्या तेरा शहरांत मुंबई होते, पुणे होते, आणि वालचंदांचे सोलापूरही होते. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादनच थांबले. तोवर पंचवीस लाखांहून अधिक मोटारी बनल्या होत्या. तिची जागा घेतली ती २००० मध्ये भारतात आलेल्या आल्टोने, म्हणजे मूळच्याच नावाने. ऑगस्ट २०२० पर्यंत तिची भारतातील विक्री चाळीस लाखांवर गेली.

स्वस्त आणि माफक

मध्यंतरी एका भारतीय उद्योगसमूहाने याहून स्वस्त मोटार आणली. जानेवारी २००८ मध्ये टाटा नॅनोचे दिल्लीत अनावरण झाले, तेव्हा एक लाख रुपये या आकड्याने जग थक्क झाले. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ती कामगिरी लहान नव्हती. तरीही दहा वर्षांत तिचे उत्पादन बंद पडले. कारणे अनेक आहेत: कारखान्याचे स्थलांतर, आगीच्या काही घटनांची चर्चा, वाढलेला भाव. परंतु मुख्य कारण विक्रीच्या भाषेत होते. सर्वांत स्वस्त ही ओळख तिला चिकटली, आणि हे पुढे रतन टाटा यांनीही मान्य केले. आपल्या दाराशी उभ्या असलेल्या वस्तूवरून शेजाऱ्याने आपली ऐपत वाचावी, हे कोणत्याही मध्यमवर्गीय कुटुंबाला रुचत नाही. आल्टोच्या ग्राहकाला जपानमध्ये ‘असली तर सोयीची’ असे सांगितले गेले होते. नॅनोच्या ग्राहकाला ‘याहून कमी किमतीत काही नाही’ असे ऐकू आले. शिवाय पहिल्या नॅनोचे मागचे दार उघडतच नसे, कारण इंजिन मागे होते. ज्या पेठेत माल आणि माणसे एकाच वाहनातून न्यायची असतात, तेथे मागचे दार नसणे ही बचत नव्हे, तोटाच.

बचत कोठे करावी याला मर्यादा असते, हे मात्र आल्टोलाही शिकावे लागले. २०१४ च्या प्रारंभी ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या काही लहान मोटारींची धडक-चाचणी घेतली. आल्टो ८०० च्या एअरबॅग नसलेल्या आवृत्तीला प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. नॅनोसह चाचणीतील इतर लहान मोटारींचीही तीच गत झाली. शेजारच्या दाराचे किल्लीचे छिद्र काढून टाकणे आणि चालकाच्या छातीसमोरची हवेची पिशवी काढून टाकणे, या दोन गोष्टी हिशेबाच्या वहीत एकाच रकान्यात लिहिता येत नाहीत. पहिलीत ग्राहकाची थोडी सोय जाते, दुसरीत जीव जाऊ शकतो. वस्तुतः त्या काळी काही मोटारींत अधिक पैसे देऊन एअरबॅग घेता येत असे, पण खरेदीदार त्याऐवजी संगीताची यंत्रणा आणि चकचकीत चाके पसंत करीत. विकणाऱ्याइतकाच विकत घेणाराही यात उत्तरदायी होता. अखेर कायद्यानेच एअरबॅगची सक्ती केली: प्रथम चालकासाठी, नंतर शेजारच्या आसनासाठी.

कराची रेघ भारतातही मोटारीचा आकार घडवीत राहिली. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतील लांबीच्या आणि ठरावीक इंजिनाच्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्के झाले. त्यानंतर पाठीमागे डिकी असलेल्या मोटारींनीही शेपूट आखूड करून घेतली. स्विफ्ट डिझायर २०१२ मध्ये याच कारणाने चार मीटरच्या आत आली. आज रस्त्यावर उंच, रुबाबदार दिसणाऱ्या कित्येक गाड्यांची लांबी ३,९९५ मिलिमीटरच्या आसपास असते. ती आरेखनकाराच्या आवडीने ठरलेली नाही.

अलीकडे बाजाराचा कल बदलला आहे. पहिली मोटार घेणारे कुटुंबही उंच बांध्याची गाडी मागते, आणि सर्वांत लहान मोटारींचा वाटा वर्षानुवर्षे घटत गेला आहे. सुरक्षिततेचे व धुराचे नियम पाळण्याचा खर्च लहान मोटारीवर प्रमाणाने जास्त पडतो आणि दुचाकीवरून चारचाकीवर येऊ पाहणारा माणूस त्यामुळे मागे राहतो, अशी तक्रार मारुतीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव यांनी वेळोवेळी मांडली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्के व अधिभार यांऐवजी १८ टक्के झाला. त्या वेळी आल्टो के-१० ची प्रारंभिक किंमत पावणेचार लाखांच्या खाली उतरली. तीत आता सहा एअरबॅग आहेत.

ओसामु सुझुकी २५ डिसेंबर २०२४ रोजी, चौऱ्याण्णवाव्या वर्षी निवर्तले. २००७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले होते. निधनानंतर भारत सरकारने पद्मविभूषण जाहीर केले. जपानमध्ये आल्टोची नववी आवृत्ती डिसेंबर २०२१ मध्ये आली. तिची सर्वांत साधी आवृत्ती त्या वेळीही दहा लाख येनच्या आतच ठेवण्यात आली होती, आणि तिच्याही मागच्या बाजूला वर उचलण्याचे एक दार आहे.